शुल्क मागे घेतले तरी मैत्री पूर्वपदावर का येत नाही

प्रश्न दोन भागांत विचारलेला आहे. ज्या देशांमध्ये लेखी संरक्षण करार आहेत, ज्यांचे सैनिक एकाच मोहिमेत मरण पावले आहेत, तेच देश एकमेकांच्या पोलादावर आणि मोटारींवर आयातशुल्क लावू लागले तर त्यांच्या मैत्रीचे काय होते? आणि लोकानुनयाच्या लाटेवर आलेला नेता गेला की सगळे पूर्वपदावर येते का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. येत नाही. मैत्री संपत नाही, करार फाटत नाहीत, पण शुल्क रद्द झाल्यावरही संबंध जुन्या जागी परतत नाहीत. व्यापार वाटाघाटींच्या तांत्रिक कामात, म्हणजे शुल्कयाद्या, कोटा, मालाच्या मूळ देशाचे नियम यांत माझी बरीच वर्षे गेली. शुल्काचा दर हा भांडणातला सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग असतो, हे तिथे वारंवार दिसले. एका अधिसूचनेने तो वर जातो, दुसरीने खाली येतो. दुरुस्त करणे अवघड असते ती एक समजूत, जी कुठल्याही करारात लिहिलेली नसते: व्यापाराचे भांडण व्यापारापुरते राहील, ते संरक्षणाच्या दारात नेले जाणार नाही.

ही समजूत ठेच लागून आलेली होती. १९३० च्या जूनमध्ये अमेरिकेत आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही झाली. सही करू नका, असे हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना कळवले होते. सर्वांत आधी बिथरला तो शेजारचा कॅनडा. त्याच उन्हाळ्यात तिथल्या निवडणुकीत जशास तसे शुल्क लावण्याची भाषा करणारे रिचर्ड बेनेट जिंकले, आणि १९३२ मध्ये ऑटावाच्या परिषदेत ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना सवलतीचे दर देऊन अमेरिकेला बाहेर ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या पिढीने नाटो उभारली, तिनेच १९४७ मध्ये २३ देशांना एकत्र आणून गॅट हा व्यापारकरार घडवला. दोन्ही कामांमागे एकच शहाणपण होते. मित्राची भरभराट झाली तर त्याच्या सैन्याकडेही पैसा येतो, आणि ते सैन्य आपल्या बाजूचे असते.

त्यानंतर भांडणे झाली नाहीत असे नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय समुदायाने अमेरिकी कोंबड्यांवरचे शुल्क वाढवले. प्रत्युत्तरात अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर शुल्क चढवले. कोंबडीचा वाद लोक विसरले, बाकीच्या तीन वस्तूंवरचा बोजाही यथावकाश गेला. ट्रकवरचे २५ टक्के मात्र १९६४ पासून टिकून आहेत. त्या भिंतीआड अमेरिकी कंपन्यांचा पिकअप ट्रकचा भरघोस नफ्याचा धंदा उभा राहिला आणि भिंत पाडण्याची हिंमत कुठल्याच पक्षाला झाली नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हे उदाहरण सर्वांत आधी सांगतो. तात्पुरत्या म्हणून लावलेल्या शुल्काला वर्षभरात मालक मिळतात आणि मग ते मालक त्याची राखण करतात.

जपानचे उदाहरण याहून जवळचे आहे, कारण त्यात निवडणुकीचे आश्वासन, व्यापार आणि संरक्षण असे तिन्ही धागे एकत्र गुंतलेले दिसतात. १९६८ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात रिचर्ड निक्सन यांनी दक्षिणेकडच्या राज्यांतील कापडगिरण्यांना शब्द दिला की परदेशी कापडाची आयात आवरू. त्याच सुमारास जपानला दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेच्या ताब्यात असलेले ओकिनावा बेट परत हवे होते. या दोन विषयांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, तरी ते एका टेबलावर आले. पंतप्रधान साटो यांनी कापडाबाबत सहकार्याचे संकेत दिले. घरच्या गिरणीमालकांपुढे ते त्यांना पाळता येईनात. आपल्याला फसवले, असा निक्सन यांचा ग्रह झाला. १९७१ च्या जुलैमध्ये त्यांनी चीनभेटीची घोषणा केली, ती जपानला विश्वासात न घेता. ऑगस्टमध्ये डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. ऑक्टोबरमध्ये जपानने कापडकरार मान्य केला, डिसेंबरमध्ये अधिभार उठला, डॉलरचा भाव ३६० येनांवरून ३०८ वर आला आणि मे १९७२ मध्ये ओकिनावा परत मिळाले. कागदोपत्री सगळे मिटले. पण ‘निक्सन शॉक’ हा शब्द जपानी राजकारणाच्या भाषेत जाऊन बसला तो बसलाच.

त्या काळात एक मर्यादा मात्र होती. समोर सोव्हिएत संघ उभा होता. मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटन आणि आइसलँड यांचा वाद इतका चिघळला की १९७६ च्या फेब्रुवारीत आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि दोघेही नाटोचे सदस्य होते. आइसलँडकडे सैन्य नव्हते, पण केफ्लाविकचा तळ होता. उत्तर अटलांटिकमधल्या सोव्हिएत हालचालींवर तिथून नजर ठेवली जात असे. तळ हातचा जाईल म्हटल्यावर नाटोतून मध्यस्थी झाली आणि जूनमध्ये ब्रिटनने नमते घेतले. बाहेरचा धोका सगळ्यांना सारखाच दिसत होता, म्हणून घरातले भांडण आवरता आले.

२०१८ मध्ये जे घडले ते या जुन्या चौकटीत बसत नाही. अमेरिकेने १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातले कलम २३२ वापरून पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले आणि १ जूनपासून ते कॅनडा, मेक्सिको व युरोपीय संघालाही लागू केले. हे कलम वापरायचे तर आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे, असे म्हणावे लागते. तत्कालीन संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी टिपणात लिहिले होते की लष्कराची गरज देशात बनणाऱ्या पोलादाच्या आणि ॲल्युमिनियमच्या सुमारे ३ टक्के एवढीच आहे, आणि मित्रदेशांवर होणाऱ्या परिणामांची त्यांना काळजी वाटते. ज्या खात्याच्या नावाने हे शुल्क लागले, त्याच खात्याचे हे म्हणणे होते.

शब्दाने काय बिघडते, ते इथे नीट पाहायला हवे. ‘तुमचे उत्पादक अनुदान घेऊन स्वस्तात माल विकतात’ असा आरोप झाला असता, तर कॅनडाने वकील पाठवले असते. इमारती लाकडावरून दोघे १९८० च्या दशकापासून असेच लढत आहेत आणि त्या लढाईने कुणाची झोप उडालेली नाही. ‘तुम्ही आमच्या सुरक्षेला धोका आहात’ हा आरोप वेगळा. १९५८ च्या नोराड करारापासून हे दोन देश एकमेकांच्या आकाशाची राखण एकत्र करतात. हे अपमानास्पद आहे, असे कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो म्हणाले, तेव्हा ते सरकारी निवेदन राहिले नाही. लोकांच्या मनातले बोलणे झाले. वाटाघाटीत आकड्यांवर तडजोड करता येते. अपमानावर तडजोड करणारा नेता घरी हरतो.

कायद्याच्या बाजूनेही एक दार उघडले गेले. गॅटच्या २१ व्या कलमात सुरक्षेचा अपवाद पहिल्यापासून आहे, पण सगळे देश तो जपून वापरत. १९७५ मध्ये स्वीडनने युद्धकाळात लागतील म्हणून बूट आणि पादत्राणांच्या आयातीवर कोटा लावला, तेव्हा इतर सदस्यांनी त्याला धारेवर धरले होते. पोलाद-शुल्काबाबत डिसेंबर २०२२ मध्ये गॅटच्या जागी आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने अमेरिकेविरुद्ध निर्णय दिला. तोवर बायडेन सरकार आले होते, आणि त्यानेही तो निर्णय फेटाळला. अपिलाची सोय उरलेलीच नव्हती, कारण नव्या नियुक्त्या अमेरिकेने अडवल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे. दोन मित्रांचे भांडण सोडवणारा पंचच राहिला नाही, तर पुढची पायरी एकच उरते: कोण कुणाला किती दुखवू शकतो.

आता मूळ मुद्दा. लोकानुनयी राजकारणाला शत्रूपेक्षा मित्रच का सोपा सापडतो? लोकानुनयाची मांडणी अशी असते की एक खरी, कष्टाळू जनता आहे आणि तिला लुबाडणारे वरच्या थरातले लोक आहेत. दूरच्या देशांशी केलेले करार हा त्या लुबाडणुकीचा पुरावा. या कथेत मित्रदेश ‘फुकट्या’ ठरतो: आपण त्याचे रक्षण करायचे आणि त्याने आपल्यालाच मोटारी विकायच्या. शिवाय मित्र उलटून गोळी झाडणार नाही, याची खात्री असते. तो आपल्या बाजारावर आणि आपल्या सैन्यावर अवलंबून असतो, म्हणून धमकीचा परिणाम लवकर दिसतो. वैऱ्याकडे गमावण्यासारखे थोडेच असते. मित्राकडे पुष्कळ असते. विश्वासाने वाढवलेले अवलंबित्व हेच त्याच्या मानेवरचे ओझे बनते. आणि शुल्क लावायला बहुधा कायदेमंडळाची वाट पाहावी लागत नाही. सकाळी घोषणा, संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर सही. वाचलेला कारखाना दाखवता येतो. वाढलेल्या किमती लाखो घरांत पसरतात आणि त्यांचे छायाचित्र निघत नाही.

प्रत्युत्तर देणाऱ्या देशाची यादी कशी बनते, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. २०१८ च्या जूनमध्ये युरोपीय संघाने बर्बन व्हिस्की, जीन्स, संत्र्याचा रस आणि मोठ्या मोटारसायकली निवडल्या. बर्बन म्हणजे केंटकी, म्हणजे सिनेटमधल्या बहुमताचे तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल यांचे राज्य. मोटारसायकली म्हणजे विस्कॉन्सिन, म्हणजे प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे सभापती पॉल रायन यांचे. अशी यादी करणारा अधिकारी तीन गोष्टी पाहतो: आपल्या ग्राहकाला पर्याय मिळेल का, आपल्या कारखान्याला तो माल कच्चा माल म्हणून लागतो का, आणि समोरच्या देशात तो कुणाच्या मतदारसंघात बनतो. तिसरी गोष्ट परिणामकारक ठरते आणि माझ्या मते तीच घातकही असते. आपण मित्रदेशाच्या निवडणुकीत हात घालतो आहोत, हे यादी करणाऱ्याला ठाऊक असते. ज्याच्या गावावर नेम धरला तो मतदार सहसा आपल्या नेत्यावर रागावत नाही, परदेशावर रागावतो. हार्ले-डेव्हिडसनवरचे युरोपातले शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर गेले, तेव्हा कंपनीने युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर नेण्याचे ठरवले. शिक्षा सरकारला करायची होती, आणि जोडणीचे काम हलले ते कारखान्यातून.

जपान आणि दक्षिण कोरिया यांचे २०१९ चे प्रकरण मला या विषयातले सर्वांत शिकवणारे वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. दोघेही अमेरिकेचे करारबद्ध मित्र, दोघांनाही उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांची सारखीच भीती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळात सक्तीने राबवलेल्या मजुरांना जपानी पोलाद कंपनीने भरपाई द्यावी, असा निकाल दिला. १९६५ च्या करारात हा हिशेब मिटला आहे, ही जपानची भूमिका. कोरियातल्या लोकभावनेला ती मान्य नव्हती, आणि त्या जखमेची खोली मी कमी लेखत नाही. जुलै २०१९ मध्ये जपानने तीन रसायनांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले: फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड. चिप आणि पडदे बनवणाऱ्या कोरियन उद्योगाच्या या नाड्या होत्या. नियंत्रणे ४ जुलैला लागू झाली, आणि जपानच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीचा अधिकृत प्रचारही त्याच दिवशी सुरू झाला.

पुढचा क्रम ठराविक होता. कोरियात जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला, जपानी बिअरची आयात जवळजवळ थांबली, निसानने २०२० मध्ये कोरियाच्या बाजारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये जपानने कोरियाला विश्वासू देशांच्या यादीतून काढले, आणि कोरियाने लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा जीसोमिया करार संपवत असल्याचे सांगितले. क्षेपणास्त्र सुटल्यावर कुणी कुणाला कळवायचे, हा प्रश्न रसायनांच्या परवान्यांशी जोडला गेला. वॉशिंग्टनमधून मोठा दबाव आला, तेव्हा मुदत संपायला काही तास उरले असताना करार वाचला.

संबंध सुधारले ते २०२३ च्या मार्चमध्ये, कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष यून सुक-योल आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांच्या भेटीनंतर. नियंत्रणे उठली, कोरियाने जागतिक व्यापार संघटनेतली तक्रार मागे घेतली, ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला अमेरिकेसह तीन देशांची शिखर परिषदही झाली. मग पूर्ववत झाले म्हणायचे का? मधल्या चार वर्षांत कोरियाने देशी हायड्रोजन फ्लोराइडवर पैसा ओतला, पुरवठादार बदलले, आणि काही जपानी रसायन कंपन्यांनी कोरियातले उत्पादन वाढवले. ‘जपानकडून सर्वोत्तम माल वेळेवर मिळतोच’ या गृहीतकावर उभी असलेली खरेदीची पद्धत मोडली. कुठल्याही खरेदी व्यवस्थापकाला विचारा: एकदा दुसरा पुरवठादार तपासून, मंजूर करून, त्याच्याशी करार केला की राजकारण निवळले म्हणून तो कुणी रद्द करत नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. जपानी निर्यातदाराने गमावलेले गिऱ्हाईक कुठल्या शिखर परिषदेत परत मिळत नसते.

युद्ध चालू असतानाही हे घडू शकते, हे पोलंडने दाखवले. २०२२ मध्ये युक्रेनला सर्वांत मोकळ्या मनाने मदत करणाऱ्या देशांत तो होता. काळ्या समुद्राचा मार्ग अडला, युक्रेनचे धान्य जमिनीवरून आले, भाव पडले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२३ मध्ये पोलंडने आयातबंदी केली. सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाची तात्पुरती बंदी संपली, तेव्हा पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकियाने स्वतंत्र बंदी चालू ठेवली आणि युक्रेन जागतिक व्यापार संघटनेत गेला. त्याच आठवड्यात पंतप्रधान मोराविएत्स्की यांनी आता युक्रेनला शस्त्रे देत नसल्याचे विधान केले. १५ ऑक्टोबरच्या निवडणुकीला महिनाही उरला नव्हता. सरकार बदलले. बंदी राहिली. शेतकऱ्याचे दुःख खरे होते, म्हणून नवे सरकारही त्याकडे पाठ फिरवू शकले नाही.

२०२५ मध्ये कॅनडाबाबत हा सारा क्रम वेगाने झाला. फेंटानिल या अमली पदार्थाची तस्करी आणि घुसखोरी यांचे कारण देऊन अमेरिकेने आणीबाणीच्या कायद्याखाली २५ टक्के शुल्क लावले. अमेरिकेच्या स्वतःच्या नोंदींनुसार २०२४ च्या आर्थिक वर्षात उत्तर सीमेवर पकडलेले फेंटानिल अवघे ४३ पौंड होते. जोडीला कॅनडा ५१ वे राज्य व्हावे, ही भाषा. कॅनडाची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात तेव्हा अमेरिकेत जात होती, तरी प्रांतांनी दारूच्या दुकानांतून अमेरिकी बाटल्या काढल्या, सामन्यांच्या आधी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली. जनमत चाचण्यांत वीसहून अधिक अंकांनी मागे असलेला लिबरल पक्ष २८ एप्रिलच्या निवडणुकीत मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि विरोधी नेते पियेर पोलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघातही हरले. पाच दिवसांनी ऑस्ट्रेलियात अँथनी अल्बानीजी जिंकले आणि तिथल्याही विरोधी नेत्याची जागा गेली, जरी तिथली कारणे बरीचशी घरगुती होती.

१९३० चा बेनेट यांचा विजय इथे आठवावा. मोठ्या मित्राचा लोकानुनय धाकट्या मित्राच्या घरात स्वाभिमानाचे राजकारण पेटवतो. कार्नी लोकानुनयी नाहीत, ते दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेले आहेत. पण त्यांना मिळालेला कौल अमेरिकेपासून अंतर राखण्याचा आहे आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यालाही तो ओझ्यासारखा वागवावा लागेल. ८८ अमेरिकी एफ-३५ लढाऊ विमानांच्या खरेदीचा फेरविचार त्यांनी निवडणुकीआधीच, मार्चमध्ये, सुरू केला, तो याच लोकभावनेतून. लढाऊ विमान एकदा घेतले की सुटे भाग, सॉफ्टवेअर, वैमानिकांचे प्रशिक्षण हे सारे पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच देशाकडून येते. म्हणून मित्रदेश कुणाचे विमान घेतो, हे मी त्यांच्या संयुक्त निवेदनापेक्षा जास्त लक्षपूर्वक वाचतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात झालेल्या सौद्यांतही हेच दिसते. जपानने शुल्क १५ टक्क्यांवर ठेवण्याच्या बदल्यात ५५० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे मान्य केले, कोरियाने ३५० अब्जांचे, युरोपीय संघाने ७५० अब्ज डॉलरच्या ऊर्जाखरेदीचे आणि ६०० अब्जांच्या गुंतवणुकीचे. युरोपने हे का स्वीकारले? त्याचा बाजार अमेरिकेच्या तोडीचा आहे. प्रत्युत्तराची यादीही तयार होती. पण युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना अमेरिकी शस्त्रे आणि गुप्त माहिती थांबली तर काय, या प्रश्नाचे उत्तर ब्रसेल्सकडे नव्हते. संरक्षणासाठी कुणावर अवलंबून आहात, यावर आता शुल्काचा दर ठरतो. पूर्वी हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत असत. कोरियाला तर सौद्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ह्युंदाई-एलजी बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर आपल्या तीनशेहून अधिक नागरिकांना बेड्या पडलेल्या पाहाव्या लागल्या. गुंतवणूक करा, असे म्हणणारा देश आणि ती उभारायला आलेल्यांना पकडणारा देश एकच होता. सोलमध्ये त्या चित्रांनी जे झाले ते कुठल्या टक्केवारीने भरून येणार नाही.

आणि मग जानेवारी २०२६ मध्ये डेन्मार्कच्या अखत्यारीतले ग्रीनलँड हवे म्हणून अमेरिकेकडून डेन्मार्कसह आठ युरोपीय देशांवर शुल्काची धमकी आली. चार दिवसांत ती मागे घेतली गेली. पण भूभागासाठी शुल्क, तेही नाटोच्याच सदस्यावर, ही गोष्ट बोलली गेली. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, असे सांगणारे नाटोचे पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले आहे, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी, आणि अफगाणिस्तानात लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक सैनिक गमावणाऱ्या देशांत डेन्मार्क होता. त्या कुटुंबांना ही धमकी कशी ऐकू आली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. युरोपीय संघाकडे डिसेंबर २०२३ पासून आर्थिक दमदाटीविरोधी साधन आहे. चीनने लिथुआनियाची केलेली कोंडी डोळ्यांसमोर ठेवून ते घडवले गेले होते. त्या आठवड्यात ते अमेरिकेवर वापरायचे का, याची उघड चर्चा झाली.

हे सारे एका नेत्याच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही. २०२२ च्या अमेरिकी कायद्यात ७,५०० डॉलरची विद्युत मोटार सवलत उत्तर अमेरिकेत जोडलेल्या गाड्यांपुरती ठेवली गेली, तेव्हा कोरिया आणि युरोप दोघेही दुखावले. ते काम बायडेन सरकारचे होते. निप्पॉन स्टीलने यूएस स्टील विकत घेऊ नये म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षेचे कारण देणारेही तेच. २०१६ च्या प्रचारात प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा ट्रान्स-पॅसिफिक व्यापारकरार दोन्ही प्रमुख उमेदवारांनी नाकारला होता. २०२१ मध्ये युरोपवरचे पोलाद-शुल्क हटवायचे ठरले तेव्हा त्या जागी कोटा आला, पूर्वीची मोकळीक आली नाही. मतदार बदलला की सगळे पक्ष बदलतात. लोकानुनयी नेता त्या बदलाचा आवाज असतो, कधी त्याला धार लावतो, पण त्याचा एकमेव जनक नसतो.

मतदाराची तक्रार खोटी म्हणून झटकणेही मला पटत नाही. अमेरिकेत कारखान्यांतली नोकरदारांची संख्या २००० मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख होती, ती २०१० पर्यंत १ कोटी १५ लाखांच्या आसपास आली. ज्या गावांतून ही कामे गेली तिथे मुक्त व्यापाराचे फायदे सांगायला आम्ही वाटाघाटी करणारे कधी गेलो नाही. आम्ही एकूण बेरीज दाखवत राहिलो. वजाबाकी कुणाच्या घरात झाली ते विचारले नाही. युरोपने संरक्षणखर्च टाळला, ही तक्रारही खरी होती: २०१४ मध्ये नाटोचे जेमतेम तीन देश जीडीपीच्या २ टक्के संरक्षणखर्चापर्यंत पोहोचत होते. पुढे खर्च वाढला, त्यात रशियाच्या आक्रमणाचा मोठा वाटा आहे, तरी अमेरिकी दबाव निष्फळ ठरला असे म्हणता येणार नाही. दबावाला माझी हरकत नाही. मित्रावर दबाव आणताना हत्यार कुठले वापरायचे, यावर आहे. संरक्षणखर्चाची मागणी संरक्षणाच्या बैठकीत करता येते. तीच मोटारींच्या शुल्कातून केली की समोरचा पैसे देतोही, पण ते पर्याय उभारण्यात घालू लागतो.

म्हणून संबंध सावरत आहेत का, हे कुणी मला विचारले तर मी दर पाहत नाही. लष्करी खरेदीचे करार कुणाशी होत आहेत, ते पाहतो. कंपन्या दुसरा पुरवठादार शोधण्यावर खर्च करत आहेत की तो खर्च थांबला आहे, ते पाहतो. आणि अधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या कंटाळवाण्या समित्या भेटतात की नाही, हेही पाहतो: पशुवैद्यकीय प्रमाणपत्रे, सीमाशुल्काच्या नोंदी, मालाची मानके. नेते एकमेकांशी बोलत नसतानाही या समित्या चालू राहिल्या तर माझा जीव भांड्यात पडतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या उत्तर अमेरिकेच्या तीन देशांच्या व्यापारकरारात तो लागू झाल्यापासून सहा वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०२६ ला, संयुक्त आढाव्याची तरतूद आहे. तिघांनी होकार दिला तर त्याची मुदत १६ वर्षांनी वाढते. कुणी अडून बसले तर दरवर्षी पुन्हा आढावा, आणि दरवर्षी तीच टांगती तलवार. मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना काढणारा उद्योजक दहा-पंधरा वर्षांचा हिशेब मांडतो. वर्षावर्षाच्या बोलीवर तो सीमेपलीकडे पाया खणणार नाही, मग त्या वर्षीचा दर शून्य का असेना.